वीतभर जास्तीची जीप

जीप होती तोवर संतपूरचे लोक त्याला राघोबा ड्रायव्हर म्हणायचे. जीप भंगारात गेली आणि वर्षाच्या आत गावानं त्याचं नाव बदलून टाकलं, खेळण्याचा राघोबा. उताऱ्यावरचं नाव बदलायचं तर कचेरीत चपला झिजतात, पण माणसाचं नाव गाव पारावर बसल्या बसल्या फुकटात बदलून देतं.

राघोबानं सत्तावीस वर्षं संतपूर ते बिदर जीप हाकली होती. मग तिचं वय झालं, परमिट संपलं आणि त्यातच सरकारनं बायकांना बसचा प्रवास फुकट केला. जीपचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक बायकांचंच. खुद्द राघोबाची बायको चंद्रभागाबाई एके दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत हात करून लाल बसमध्ये चढली आणि खिडकीतून त्याला म्हणाली, "तुमी या मागनं, हळूहळू." त्यानंतर जीप विकण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही.

घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे घरादाराला ताप. सून दीपमाला अंगणात स्कूटी लावायला लागली की हा ओसरीवरून ओरडायचा, "डावीकडं काट, डावीकडं!" चंद्रभागाबाई कणगीतून जोंधळे काढायला लागली तरी डावीकडं काट. मुलगा सोनू बिदरला एका शोरूममध्ये कामाला होता, सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा, म्हणून तो वाचला. शेवटी दीपमालानंच तोड काढली. तिनं फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. परदेशातला कुणी पांढऱ्या दाढीचा माणूस खऱ्या मोटारीची हुबेहूब बारकी मोटार करत होता. दारं उघडायची, चाकं वळायची, बॉनेटखाली इंजिनसुद्धा होतं.

"मामा, बघा, ह्यो बी तुमच्यासारखाच रिकामा हाय," दीपमाला म्हणाली.

राघोबानं तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. दुसऱ्या दिवशी गोठ्याशेजारच्या खोलीतला कडबा बाहेर काढून त्यानं तिथं टेबल मांडलं.

हातात कसब होतंच. तरुणपणी बिदरच्या एका गॅरेजात तो चार वर्षं बॉडीच्या कामावर होता. पाण्याचा पीव्हीसी पाइप उभा चिरायचा, चुलीच्या धगीवर मऊ करायचा आणि दोन फरश्यांमध्ये दाबून ठेवायचा, की त्याचा सपाट पत्रा होतो. त्या पत्र्याची बॉडी. जुन्या हवाई चपलेचे टायर. गोळ्यांच्या पाकिटावर जे पारदर्शक फुगे असतात त्यांचे हेडलाइट, आणि चंद्रभागाबाईला बीपीच्या गोळ्या चालू असल्यामुळे हेडलाइटचा तुटवडा कधी पडला नाही. आधी लाल बस झाली, मग ट्रॅक्टर, मग मालाची रिक्षा. माप एकास चोवीस. राघोबाचं मन मिलिमीटरात रमायचं नाही, तो गॅरेजच्या सुतात मोजायचा. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. त्या हिशेबानं खऱ्या गाडीच्या तीन इंचांना बारक्या गाडीचं एक सूत. हे गणित जमलं त्या दिवशी तो इतका खूश झाला की जेवताना भाकरीसुद्धा सुतात मोजत होता.

"साठी उलटली नि खेळणी आली," चंद्रभागाबाई शेजारणीला म्हणायची, आणि तेही त्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

मग त्यानं आपली जीप करायला घेतली. आपली, म्हणजे तीच, जी भंगारात गेली ती. दोन वर्षं तो तिच्यावर खपत होता. जीपच नाही तर माप कुठून आणायचं? पण राघोबाचं डोकं चाललं. आरसी बुकाची झेरॉक्स होती, तिच्यावर दोन चाकांमधलं अंतर होतं. जीपच्या शेडमध्ये समोरच्या भिंतीला पुढच्या बंपरचा ओरखडा होता आणि शेडच्या दाराच्या खांबाला मागच्या फाटकाचा, तेव्हा लांबी मिळाली. शेडच्या तुळईला वरचं कॅरिअर घासून घासून खाच पडली होती, तेव्हा उंचीही मिळाली. रुंदी तेवढी कुठं मिळेना. फोटो दोनच होते, दोन्ही दसऱ्याचे, दोन्ही कडेनं काढलेले, आणि दोन्हीत जीपपेक्षा झेंडूच जास्त. दुसऱ्या कुणाच्या जीपला टेप लावायचं त्याच्या मनाला पटेना. सत्तावीस वर्षं जिच्या मांडीवर बसलो तिचं माप परकीला काय विचारायचं!

मग त्यानं रुंदीचा हिशेब माणसांवरून केला. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच माणसं बसायची, यात तर शंकाच नव्हती. ड्रायव्हरला दीड फूट, कारण स्टिअरिंग फिरवायला हात मोकळे हवेत. बाकीच्या चौघांना एकेक फूट. झाले साडेपाच फूट, म्हणजे बावीस सूत. राघोबानं छातीठोकपणे बावीस सूत धरले आणि कापायला सुरुवात केली.

गाडी तयार होत आली तेव्हा त्यानं एक दिवस चंद्रभागाबाईला खोलीत बोलावलं. गावानं काय वाटेल ते म्हणावं, त्याला फिकीर नव्हती. त्याला एवढंच हवं होतं की या बाईनं एकदा, फक्त एकदा, ही आपली जीप म्हणावं. याच जीपवर सोनूचं शिक्षण झालं, घराला स्लॅब पडला, आणि ती गेली तेव्हा हिच्या तोंडून हूं की चूं निघालं नव्हतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली. तिथूनच तिनं मान तिरकी करून पाहिलं.

"ही आपली न्हाई," ती म्हणाली.

"कामून?"

"कामून म्हंजे? न्हाई तर न्हाई. कुण्या साहेबाची दिसायलीय." आणि ती दूध तापवायला निघून गेली.

राघोबाला ते फार लागलं. रंग तोच होता, नंबर तोच होता, मागच्या काचेवर 'माउली कृपा' होतं, अगदी 'कृ'ची मोडलेली शेपटीसुद्धा होती. आणखी काय हवं होतं हिला? ही मुद्दाम करायलीय, असं त्यानं मनाशी धरलं आणि दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलला. तिला त्याचा काही फरक पडला नाही. उलट घरात शांतता झाली, असं ती सुनेजवळ म्हणाली.

याच सुमाराला दीपमालानं फोनवर बातमी आणली. बिदरला असल्या बारक्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि स्पर्धाही होती. प्रशांतकुमार नावाचे कुणी इंजिनीअर ते भरवत होते, कलबुर्गी नि हैदराबादहून माणसं येणार होती. नियम एकच कडक होता. गाडी खऱ्या गाडीबरहुकूम हवी, आणि खऱ्या गाडीला टेप लावलेले फोटो सोबत द्यायचे. सुताभरापेक्षा जास्त फरक पडला की गाडी बाद.

"आता तरी दुसरी जीप धुंडावी लागंल, मामा," दीपमाला म्हणाली.

तशी जीप आता आसपास एकच राहिली होती, हुमनाबादकडं, दुबलगुंडीच्या कल्लप्पाची. कल्लप्पा राघोबाच्या बरोबरीचा ड्रायव्हर, बिदरच्या स्टँडवर दोघांनी मिळून वीस वर्षं चहा प्यायला होता. योगायोग असा की चंद्रभागाबाईची धाकटी बहीण दुबलगुंडीलाच दिलेली, आणि त्याच आठवड्यात तिच्या नातवाचं बारसं होतं. नवरा-बायको दोघं निघाले. ती बाळंतविडा घेऊन, हा टेप घेऊन.

बारशाच्या पाहुण्यांना हुमनाबादहून आणायला कल्लप्पाचीच जीप लावली होती. ती दारात येऊन उभी राहिली आणि राघोबा भरल्या डोळ्यांनी तिच्याभोवती फिरला. मॉडेल तेच, साल एक इकडंतिकडं. मग त्यानं पुढचं दार उघडलं आणि आतून या कडेपासून त्या कडेपर्यंत टेप लावला.

चार फूट नऊ इंच.

त्यानं पुन्हा लावला. चार फूट नऊ इंच. बाजूला उभं राहून, वाकून, मग सीटवर गुडघे टेकून लावला. तेवढेच.

"कल्लप्पा, ह्यो टेप बिघडलाय."

कल्लप्पा पोट धरून हसला. "अण्णा, टेप सुळ्ळ हेळंगिल्ल. माणूस खोटं बोलतंय, टेप खोटं बोलत न्हाई."

राघोबानं पायरीवर बसून बोटांवर हिशेब केला. चार फूट नऊ इंच म्हणजे एकोणीस सूत. त्यानं धरले होते बावीस. तीन सुतांची चूक, खऱ्या मापात नऊ इंच, म्हणजे बरोबर एक वीत. आणि ही वीत काही एका जागी नव्हती. टप, तळ, काच, बंपर, बॉनेट, सीट, सगळ्यात ती घुसली होती. दोन वर्षांचं काम एका वितेनं पाण्यात गेलं.

"पर पाच माणसं बसायची की रं पुढं," तो म्हणाला. "मी काय खोटं सांगायलोय का? पाच बसायची!"

"बसायची की," कल्लप्पा म्हणाला. "सहा बी बसलेत."

"मग चार फूट नऊ इंचात कशी बसायची?"

दोघांनी मिळून पन्नास वर्षं जिपा हाकल्या होत्या आणि आता दोघेही सीटवर हातानं विती मोजायला लागले. तेवढ्यात चंद्रभागाबाई बाहेर आली. हातात घुगऱ्यांची वाटी होती. तिनं काय झालं ते ऐकून घेतलं, वाटी बॉनेटवर ठेवली आणि अंगणातल्या बायकांना हाक मारली.

"अगं या गं दोघी-तिघी. ह्यांना बसून दावा."

कल्लप्पाला तिनं स्टिअरिंगवर बसवलं. त्याच्या शेजारी राघोबाला ढकललं. मग एक बाई, मग आपली बहीण, मग शेवटी दाराकडं आणखी एक. तिला घेऊन दार लागेना.

"अशी न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाली. "एकीनं मागं टेकायचं, दुसरीनं पुढं सरून बसायचं. खांद्याला खांदा लावायचा न्हाई, खांद्यामागं खांदा. कोपर पोटावर. तू जरा कुशीवर हो. आता लाव दार."

दार लागलं. पाच माणसं बसली. गिअरचा दांडा राघोबाच्या दोन गुडघ्यांच्या मधे आला, शेजारणीचं कोपर त्याच्या बरगडीत आणि त्याचं स्वतःचं डोकं आरशाला. त्याला श्वास घ्यायलासुद्धा विचारून घ्यावा लागत होता. कल्लप्पा मात्र आपल्या जागी ऐसपैस, दोन्ही हात मोकळे. राघोबानं त्याच्याकडं पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपण सत्तावीस वर्षं त्या जागेवर होतो. या बाजूला आपण एकदाही बसलो नाही.

सगळे उतरले, हसत हसत आत गेले. राघोबा बरगडी चोळत उभा राहिला.

"तू कुठं बसायचीस?" त्यानं बायकोला विचारलं.

"कवा?"

"आपल्या जीपमधी. तुला एवढं ठाऊक हाय म्हणून इचारलो."

"पुढं कुठं बसली मी!" चंद्रभागाबाईनं वाटी उचलली. "पुढली जागा तिकिटाच्या माणसाची. मी मागं, स्टेपनीवर. फाटकापाशी. आडदांडीला धरून. आन गिऱ्हाईक आलं की तिथनं बी उठायचं. औरादच्या दवाखान्यात सोनूला घेऊन निघाले तवा तेवढं बसून गेले, तुमीच कुणाला तरी उठवला होता."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, आणि त्यामुळंच राघोबाला जास्त लाज वाटली. ती कुठं बसते हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आरशात त्याला मागचा रस्ता दिसायचा. बायको त्या आरशाच्या खाली होती.

"म्हणून म्हणलीस का, ही आपली न्हाई म्हणून?"

"मला काय सूत नि फूट कळतंय?" ती म्हणाली. "पर तुमच्या गाडीत समदे ऐसपैस बसायलेत. आपल्या गाडीत ऐसपैस कोण बसलंय कवा?"

घरी आल्यावर दीपमालानं फॉर्म पुन्हा वाचून काढला. तिला एक पळवाट सापडली. स्पर्धेत दुसरा एक गट होता, मनानं रचलेल्या गाड्यांचा. तिथं टेप नाही, फोटो नाही, वाटेल ते माप चालतं. "तिथं देऊ मामा. रंग केवढा भारी झालाय. कोण बघायलंय आतून?"

मोह झाला, नाही कशाला म्हणा. टपावरचा चकचकीत पांढरा रंग त्यानं सात हातांत चढवला होता आणि प्रदर्शनाला अकरा दिवस राहिले होते. मग त्यानं टेबलावर जुनं पोतं अंथरलं, गाडी उताणी ठेवली आणि हॅक्सॉचं पान घेतलं.

"मनानं रचलेली हाय खरी," तो म्हणाला. "तेच तर चुकलंय."

पुढून मागंपर्यंत, मध्याच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सूत सोडून, त्यानं गाडी उभी चिरली. दीपमालानं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, पण बघवत नाही म्हणून तोंड दाराकडं केलं होतं. टप चिरला, तळ चिरला, सीट, बंपर, समोरची जाळी. 'माउली कृपा'तली एक काना-मात्रा गेली. मधली तीन सुतांची लांब पट्टी टेबलावर वेगळी पडली. राघोबानं ती उचलून पाहिली आणि खिडकीतून गोठ्यात भिरकावून दिली. म्हशीनं हुंगली आणि सोडून दिली.

जोडकाम सोपं नव्हतं. दोन अर्धे जवळ आले की एक पुढं सरायचा, एक वर. पुट्टी भरायची, वाळू द्यायची, घासायची, पुन्हा भरायची. पण खरी अडचण निराळीच होती. पुढचा भाग त्याला पाठ होता, मीटरच्या काचेवरची चीर कुठून कुठं गेली होती तेसुद्धा. मागं काय होतं? बाक आणि टप, यापलीकडं त्याला काही आठवेना. आठवायला तो मागं बसला होता कधी?

मग तो ओसरीवर येऊन विचारायला लागला. चंद्रभागाबाई सुपात तुरीची डाळ निवडत बसलेली असायची. खोलीत यायला ती तयार नव्हती. अर्धवट शिजलेलं मी चाखत न्हाई, म्हणाली. पण विचारलं की सांगायची, मान वर न करता.

"डाव्या बाकाला हिरवं ठिगळ होतं. मीच शिवलेलं, पोत्याच्या सुईनं. आडदांडी मधी वाकलेली, सणावाराला लोक लोंबायचे तिला. खाली पत्र्याला भोक होतं, लिंबाएवढं. त्यातनं रस्ता दिसायचा. पाऊस आला की तिथं पाय ठेवायचा, न्हाई तर चिखल लुगड्यावर."

"भोक होतं? मला कुणी सांगितलं न्हाई ते."

"तुमी इचारलाव का कवा?"

राघोबा खोलीत जायचा आणि लिंबाएवढं भोक चोवीसानं भागून सुईनं पाडायचा. हिरवं ठिगळ दीपमालानं जुन्या ब्लाउजच्या कापडाचं केलं. आडदांडी त्यानं तांब्याच्या तारेची केली आणि चिमट्यानं मधोमध वाकवली. आठव्या दिवशी त्याला वाटलं, एक बाहुली करावी, नऊवारीतली, आणि पुढच्या सीटवर खिडकीशी बसवावी. सगळ्यांत चांगल्या जागी. एवढं तरी आपण करावं. त्यानं ते ओसरीवर जाऊन सांगितलं तेव्हा चंद्रभागाबाईनं पहिल्यांदा सुपातून मान वर केली.

"खोटं कामून करायलाव? मी पुढं बसलेच न्हाई तर बाहुली कशी बसंल? आधी माप खोटं, आता माणूस खोटं." मग पुन्हा डाळ निवडायला घेत म्हणाली, "स्टेपनी ठेवा मागं. तेवढी पुरं. बसणाराला कळतंय."

त्यानं स्टेपनी केली. चपलेच्या रबराची, मधे थोडी दबलेली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी राघोबा, चंद्रभागाबाई आणि दीपमाला बसनं बिदरला निघाले. बस गच्च होती. एकच जागा मिळाली, ती राघोबानं बायकोला दिली आणि गाडीचं खोकं तिच्या मांडीवर ठेवलं. दोघी बायकांचं तिकीट फुकट, ह्याचं तेवढं काढलं, आणि तिकीट काढणारा तोच संतपूर ते बिदर उभा गेला. कंडक्टर ओळखीचा होता. तो म्हणाला, "काय ड्रायव्हरसाब, आज मागं?" राघोबानं दांडी घट्ट धरली आणि हसून मान हलवली.

शाळेच्या सभागृहात चाळीस-एक गाड्या मांडल्या होत्या. एकीपेक्षा एक चकचकीत. कलबुर्गीच्या एका डॉक्टरानं तांबड्या रंगाची परदेशी शर्यतीची गाडी आणली होती, तिचं इंजिन पाहून राघोबा दोन मिनिटं नमस्कार केल्यासारखा हात जोडून उभा राहिला. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं आणि त्यात काही गैर नव्हतं. प्रशांतकुमारांनी राघोबाच्या जीपला मोजपट्टी लावली. लांबी, उंची, रुंदी. कल्लप्पाच्या जीपच्या टेप लावलेल्या फोटोंशी ताडून पाहिलं. मग टॉर्च घेऊन आत डोकावले ते डोकावलेच. उठले तेव्हा कन्नडमिश्रित मराठीत म्हणाले, "आजोबा, ही पाइपाची शीट तुम्ही कशी करता, आमच्या पोरांना एक दिवस येऊन दाखवणार का? पुढच्या महिन्यात? आणि हे खाली होल कशासाठी, तेही सांगा."

राघोबा उत्तर देणार होता, पण त्याचं लक्ष टेबलाकडं गेलं.

चंद्रभागाबाई जीपपाशी आली होती. पुरी झालेली गाडी ती पहिल्यांदाच पाहत होती. समोरून तिनं पाहिलंच नाही. सरळ मागं गेली, फाटकाच्या बाजूला, आणि वाकून उघड्या दारातून आत बघायला लागली. बराच वेळ बघत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आता ती सरळ होईल आणि काय म्हणेल? दोन वर्षं आणि अकरा दिवस, आणि एवढा मोठा हॉल, पण राघोबाचं सगळं त्या एका वाकलेल्या पाठीवर येऊन थांबलं होतं.

तेवढ्यात आणखी एक बाई टेबलाशी आली. औरादकडची असावी, खांद्याला पिशवी होती. तिलाही आत बघायचं होतं, पण चंद्रभागाबाईच्या आडून तिला दिसेना. ती घुटमळली.

चंद्रभागाबाईनं मान वर केली नाही. तिनं फक्त उजवं कोपर पोटाशी घेतलं, डाव्या हातानं लुगड्याचा घोळ गुडघ्यांत आवळला, एक खांदा मागं नेला आणि वीतभर बाजूला सरकली.

"या की अक्का," ती म्हणाली. "खांदा पुढं घ्या. अजून एक बसतंय."

ती बाई वाकली. दोघी एकीच्या मागं एक खांदा ठेवून आत बघायला लागल्या, आणि मग हळूच बोलायला लागल्या.

राघोबाचे डोळे भरून आले. त्यानं पुसले नाहीत. शेजारी प्रशांतकुमार पुन्हा काहीतरी विचारत होते, तारीख की फोन नंबर. राघोबानं हात वर करून त्यांना थांबवलं.

"जरा दम धरा, साहेब," तो म्हणाला. "गाडी भरायलीय."